प्लेटोचे धातू आणि लबाड चिठ्ठ्या: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादग्रंथातील आदर्श राज्य म्हणजे ग्रीक वेशातले चातुर्वर्ण्यच असून तिथेही सगळी सुखे वरच्या वर्गाला मिळतात, आणि मी माझ्या लेखात मात्र त्याचे कौतुक करत बसलो, असे आपण लिहिले आहे. यातले निम्मे मला पटत नाही. उरलेले निम्मे मूळ लेखात मीच लिहायला हवे होते.

राज्यकर्त्यांमध्ये सोने, साहाय्यकांमध्ये (म्हणजे सैनिकांमध्ये) चांदी आणि शेतकरी-कारागिरांमध्ये लोखंड व कांसे मिसळलेले असते, ही दंतकथा संवादातला सॉक्रेटिस सांगतो (आणि ती असत्य असल्याचे आधीच कबूल करतो) हे खरे. पण सोन्याच्या पोटी कांसे निपजले तर गय न करता त्याला खाली धाडावे आणि कांशाच्या पोटी सोने निघाले तर त्याला वर घ्यावे, असेही तो तिथेच बजावतो. सुखांचे म्हणाल, तर राज्यकर्त्यांना स्वतःचे घर, जमीन वा नाणे बाळगण्याची मुभाच नाही. या बिचाऱ्यांच्या वाट्याला सुख ते काय, अशी तक्रार चौथ्या भागाच्या सुरुवातीलाच प्लेटोचा भाऊ अदेइमांतोस करतो.

आता माझी चूक. पाचव्या भागात रक्षकवर्गातील (म्हणजे राज्यकर्ते आणि साहाय्यक यांच्यातील) स्त्री-पुरुषांच्या जोड्या उत्सवात चिठ्ठ्या टाकून लावल्या जातात आणि त्या चिठ्ठ्यांत राज्यकर्त्यांनी गुपचूप हातचलाखी करायची असते. उत्तमांचा संबंध उत्तमांशीच अधिक यावा आणि ज्याला डावलले त्याने राज्यकर्त्यांना नव्हे, तर नशिबाला बोल लावावा, हा त्यामागचा हिशेब. हा तपशील मी गाळला. तिसऱ्या भागातल्या धातूंच्या दंतकथेत गुणांसाठी उघडे ठेवलेले दार पाचव्या भागात वंशाच्या निवडीपाशी येऊन थांबते, त्यामुळे आपला संशय अगदीच निराधार नाही.

ही तुलना नवीही नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना प्लेटोचा दाखला दिला, पण त्यांचा रोख केवळ जन्मावर नव्हता. प्रत्येक माणसाच्या ठायी असलेल्या नाना शक्ती आणि प्रवृत्ती ध्यानात न घेता माणसांना मोजक्या कप्प्यांत कोंबणे हेच वरवरचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे निवड चोख गुणांवर झाली, एकही चिठ्ठी लबाडीची निघाली नाही, तरी हा आक्षेप जागचा हलत नाही. आपल्या मुद्द्यापेक्षा प्लेटोला तो कितीतरी जड जातो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

चिठ्ठ्यांचा परिच्छेद आज मूळ लेखात धातूंच्या दंतकथेच्या लगेच खाली घातला आहे.