खारा वारा आणि तिसरा पीसीबी

ओव्हनचा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, पुन्हा गेला! तीन वर्षांत तिसऱ्यांदा. मालवणात घर, दर्या हाकेच्या अंतरावर, खारा वारा चोवीस तास घरात, त्यातलं मीठ बोर्डावर बसतं, पावसाळ्यात ते हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि तांब्याच्या त्या बारीक रेषा हिरव्या पडून खलास, हे मी कंपनीच्या माणसाला दरवेळी सांगते आणि तो दरवेळी म्हणतो, मॅडम व्होल्टेजमुळे असेल, स्टॅबिलायझर लावा. लावलाय हो! २३० व्होल्ट कागदावर, इथे संध्याकाळी दिवे पिवळे पडतात म्हणून पहिल्याच महिन्यात लावलाय. मग त्या बोर्डाला वरून कोटिंग का नाही देत तुम्ही? बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सला देतात की. आणि टेक्निशियन येणार कोल्हापूरहून, फोंडाघाट उतरून, घाटात दरड आली की गेला आठवडा. वर परत, गंज वॉरंटीत बसत नाही म्हणे. अहो, मग समुद्रकाठच्या गावात विकताना सांगायचं ना! चतुर्थीला घरात पंचवीस माणसं, आई म्हणते राहूदे गो, गॅसवर करूया. का म्हणून? एवढे पैसे मोजलेत, मला तो गणपतीआधी चालू हवाय.