मुलांच्या हप्त्यांमुळे अमेरिकेत लोक घरी बसले, असे दिसत नाही

"मंदीत सरकारने मुलांच्या नावाने पैसे वाटले की आईबाप काम सोडतात, पैसा चैनीत उडतो आणि महागाई भडकते, अमेरिकेने 2021 मध्ये हेच केले, परदेशातून आलेल्यांनाही फुकट वाटले," असा संदेश आपल्याकडे पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातले एकेक विधान तपासू.

काम सोडले, हे पहिले. करोनाच्या मंदीनंतर मार्च 2021 मधल्या कायद्याने मुलामागची 2,000 डॉलरची करसवलत सहा वर्षांखालील मुलासाठी 3,600 आणि 17 वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 3,000 डॉलर केली, आणि तिचा अर्धा भाग जुलै ते डिसेंबर या काळात दरमहा 300 किंवा 250 डॉलर असा पालकांना आगाऊ दिला. जुन्या नियमात खरी गोम अशी होती की ज्यांची कमाई फारच कमी, त्यांना पूर्ण रक्कम मिळत नसे, म्हणजे सर्वांत गरीब मुलाच्या वाट्याला सर्वांत कमी येई. ती अट 2021 पुरती गेली. योजना कायम केली तर सुमारे 15 लाख पालक काम सोडतील, असे भाकीत शिकागोतील काही अर्थतज्ज्ञांनी केले होते, आणि सहा महिन्यांच्या अनुभवावरून ते पूर्णपणे खोडता येत नाही, हे मान्य करायला हवे. पण संदेशात "सोडतील" नाही, "सोडले" आहे; आणि त्या सहा महिन्यांवरच्या बहुतेक अभ्यासांना रोजगारात लक्षणीय घट आढळलेली नाही.

चैनीबद्दल फार लिहायला नको. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहण्यांत पालकांनी सांगितलेला खर्च मुख्यतः किराणा, कपडे, शाळेचा खर्च आणि थकलेली देणी यांवरचा होता.

संदेश ज्यावर गप्प आहे तो आकडा असा: सरकारी मदत धरून मोजलेली बालदारिद्र्याची टक्केवारी 2020 मध्ये 9.7 होती, ती 2021 मध्ये 5.2 वर आली, आणि वाढीव सवलत संपल्यावर 2022 मध्ये 12.4 वर गेली. करोनाकाळातली इतर मदतही तेव्हाच आटली, त्यामुळे सगळे श्रेय किंवा सगळा दोष या एका योजनेला देता येणार नाही. तरी एवढी मोठी घसरण आणि लगेच एवढी मोठी उसळी क्वचितच पाहायला मिळते.

महागाईच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. एकूण 1.9 लाख कोटी डॉलरच्या त्या कायद्याने मागणी वाढवली, असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात. पण त्यात या सवलतीचा वाटा शंभर अब्जांच्या आसपास होता. शिवाय अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर पोहोचली ती जून 2022 मध्ये, शेवटचा हप्ता जमा होऊन सहा महिने झाल्यावर, आणि मुलांसाठी असे नवे वाढीव हप्ते सुरू न केलेल्या ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरात ती 11.1 टक्के होती.

राहिले परदेशातून आलेल्यांचे फुकट. हप्त्यासाठी मुलाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकार मुख्यतः नागरिकांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना देते तो क्रमांक, असणे सक्तीचे होते. त्यामुळे एकाच मराठी घरात न्यू जर्सीत जन्मलेल्या धाकट्याच्या नावे हप्ता यायचा, पण पुण्यात जन्मून आश्रित व्हिसावर आलेल्या, असा क्रमांक नसलेल्या थोरलीच्या नावे, आईवडील दोघे कर भरत असले तरी, एकही हप्ता येत नसे.