तुरटीने बोअरच्या पाण्यातली सिलिका खरेच तळाशी बसते का?

टँकर आणि बोअर यांच्या भरवशावर उन्हाळा काढणाऱ्या मराठवाड्यात एक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: भांड्यांवर बसणारा पांढरा थर म्हणजे सिलिका, अर्थात विरघळलेली वाळू, हंड्यात तुरटी फिरवली की ती इतर क्षारांसह तळाशी जाते, खात्री टीडीएस मीटरने करावी आणि फरक दिसला नाही तर तुरटी वाढवावी.

थराचे विधान घरीच तपासता येते. पाणी तापवायच्या रॉडवरची खपली खरवडून मी वाटीत घेतली आणि तिच्यावर व्हिनेगर ओतले. ती फसफसली, तासाभरात बहुतेक विरघळली आणि तळाशी चिमूटभर करडा गाळ उरला. फसफसला तो कॅल्शियम कार्बोनेट. सिलिका व्हिनेगरला दाद देत नाही, तेव्हा ती असलीच तर त्या चिमटीत.

‘विरघळलेली वाळू’ हा शब्दप्रयोग तर गैरसमजाचे मूळच आहे. नदीची वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, आणि क्वार्ट्झ पाण्यात जेमतेम विरघळते. आपल्याकडची सिलिका येते काळ्या पाषाणातून: मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपणारे पाणी बेसाल्टमधील फेल्डस्पार, पायरॉक्सीन ही खनिजे सावकाश झिजवते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट यांच्यासोबत सिलिकाही उचलते. (विहीर खणताना खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ही अशाच पाण्यातून पुन्हा जमलेली सिलिका.) पाण्यात ती सिलिसिक आम्लाच्या सुट्या रेणूंच्या रूपात असते आणि ७-८ सामूच्या पाण्यात त्या रेणूंवर जवळपास विद्युतभार नसतो. म्हणून ती कापडाने गाळली जात नाही, रात्रभर ठेवूनही निवळत नाही.

तुरटीच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे. तुरटी पाण्यात गेली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना सिलिसिक आम्लाचे रेणू खरोखर चिकटतात. लोखंडाचा हायड्रॉक्साइडही हेच करतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. २० लिटरच्या हंड्यात १ ग्रॅम तुरटी टाकली तर लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम हायड्रॉक्साइड बनतो, तर बेसाल्टमधल्या पाण्यात लिटरमागे ३०-४० मिलिग्रॅम सिलिका असणे नवलाचे नाही. एवढ्याशा पुंजक्यांना ती सारी पेलणार कशी? कॅल्शियम-मॅग्नेशियमला तर ते धरतच नाहीत. गढूळ पाण्याला तुरटी उत्तम, यात वाद नाही. पण पाणी नितळ दिसले म्हणून क्षार गेले, हा निष्कर्ष तिथूनच निघालेला दिसतो. बॉयलरसाठी सिलिका काढायची असते तेव्हा चुन्याने सामू १० च्या वर नेतात, पाणी तापवतात आणि तयार होणाऱ्या मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडवर ती बसवतात. हे हंड्यात करण्याचे काम नव्हे.

मीटरची साक्ष तर मुळातच गैरलागू आहे. ते उपकरण विद्युतवहन मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देते; भार नसलेली सिलिका त्याला दिसतच नाही, ती असो वा नसो. उलट तुरटीतले सल्फेट आणि पोटॅशियम पाण्यात उतरतात, त्यामुळे आकडा जागच्या जागी राहतो किंवा किंचित चढतो. तो उतरेना म्हणून आणखी तुरटी टाकणाऱ्याने पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, जरूर पाहावे: त्यात सिलिकेसाठी मर्यादाच नाही, ॲल्युमिनियमसाठी मात्र लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅम, अशी आहे.