पॉपर यांनी श्रद्धेला निरर्थक म्हटलं नव्हतं

खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या, म्हणजे तिच्या उत्सवाच्या दिवसांत आमच्या चोपड्याच्या ग्रुपवर मेसेज फिरला: 'जे खोटं ठरवता येत नाही ते निरर्थक, असं कार्ल पॉपर सांगून गेले, म्हणून कानबाई थोतांड.' हे चूक आहे. १९३४ च्या पुस्तकात विज्ञानाचे तत्त्वज्ञ पॉपर यांनी रेघ ओढली ती विज्ञान आणि विज्ञानेतर यांच्यात: जे खोटं ठरवता येत नाही ते विज्ञान नाही, एवढंच. अर्थपूर्ण-निरर्थक ही वाटणी व्हिएन्ना मंडळ या तत्त्वज्ञांच्या गटाची, आणि पॉपर यांचा तिला विरोधच होता. फवारणीनं केळीवरचा करपा किती घटतो, हे विज्ञान सांगतं. वारा शेजाऱ्याच्या विहिरीकडे असताना फवारावं का, हा प्रश्न नीतीचा, म्हणून तो निरर्थक होतो का? कानबाईच्या नारळाला नथ घालणारी आजी कसला अंदाज वर्तवत नसते. मात्र 'अंगाऱ्यानं ताप उतरतो' असं कुणी म्हणालं, तर तो दावा तपासलाच पाहिजे. तिथे श्रद्धेची सबब चालणार नाही.