पर्वतीपेक्षा तीस पायऱ्या जास्त

शाळेच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात पुन्हा तोच वाद पेटला. कुणीतरी टीव्हीवरच्या एका स्किटचा तुकडा टाकला होता. साडी नेसलेला पुरुष पाय घसरून पडतो, मागे ढोलकीची थाप, आणि दर दहा सेकंदांनी खुर्चीत बसून खो-खो हसणारे पाहुणे. लगेच एकाने लिहिलं, 'कुठे पु. ल. आणि कुठे हा पाणचटपणा!' दुसऱ्याने निकालच दिला की धडपडून हसवणं हा मुळात हलका विनोद, जत्रेतच शोभतो. मग नेहमीप्रमाणे मला साक्षीला उभं केलं: 'तू सांग, तिकडे असलं कुणी बघतं का?'

परदेशात राहणाऱ्याला ही एक बिनपगारी नोकरी कायमची चिकटलेली असते. गावाकडच्या भांडणात 'तिकडचा' दाखला द्यायचा, आणि तोही ज्याला त्याला हवा तसा.

मी लॉस एंजेलिसला राहतो. इथे सिल्व्हर लेक नावाच्या वस्तीत व्हेंडोम स्ट्रीटवरून टेकडीवर जाणारा एक सिमेंटचा जिना आहे. १९३२ साली 'द म्युझिक बॉक्स' या लघुपटात लॉरेल आणि हार्डीने, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत जाड्या-रड्याने, याच जिन्यावरून पेटीतला पियानो वर चढवला होता. दोन वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना मी तिथे घेऊन गेलो. डिस्नेलँडमध्ये कंटाळलेला माणूस इथे एकदम खुलला. पायऱ्या मोजत निघाले. पर्वतीच्या १०३, इथे १३३. 'पण पर्वती बरी, हत्तीसुद्धा चढायचा,' असं मध्येच थांबून म्हणाले. थांबायचं खरं कारण गुडघे होते.

चित्रपटात आजूबाजूला बरीच मोकळी टेकडी दिसते. आता दोन्ही बाजूंना घरं आहेत. खाली एक फलक आहे, तो न वाचता लोक कुत्रा घेऊन चढउतार करतात. आम्ही धापा टाकत वर पोचलो तर समोर डांबरी रस्ता, आणि कडेला गाड्या उभ्या. बाबा रस्त्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. 'गाडी इथेच आणता आली असती की रे.'

ज्यांनी चित्रपट पाहिलाय त्यांना हसू आलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. ते दोघे पियानो कसाबसा वर नेतात. वाटेत बाबागाडी घेऊन येणाऱ्या आयाला वाट द्यायला जातात आणि पियानो सुटून खाली जातो. पोलिसाशी कटकट होते, एका चिडक्या प्रोफेसराशी होते, आणि पियानो पुन्हा खाली. शेवटी वर पोचतात तेव्हा पोस्टमन भेटतो. तो विचारतो, खालच्या रस्त्याने वळसा घालून घोडागाडी थेट वर का नाही आणलीत? हे दोघे एकमेकांकडे बघतात. खरंच की, आपल्याला कसं सुचलं नाही! आणि पियानो उचलून पुन्हा सगळा जिना उतरायला लागतात. खाली गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात.

या जागी कुणी किंचाळत नाही, डोळे गरगरा फिरवत नाही. चूक सुधारण्याचा त्यांचा प्रामाणिक उत्साहच हसवतो. हार्डी अधूनमधून थेट कॅमेऱ्याकडे बघतो. 'बघताय ना माझं नशीब?' एवढंच त्या नजरेत असतं, आणि ती नजर तो बराच वेळ धरून ठेवतो. पडद्यामागची सूत्रं बरीचशी लॉरेलकडे असत. चित्रपट आधी थिएटरात लोकांना दाखवायचा, हशा कुठे येतो आणि किती टिकतो ते बघायचं आणि त्या मापाने कापछाट करायची, अशी त्यांच्याकडची पद्धत होती. म्हणजे हसायला जागा ठेवलेली असे, हसून दाखवायला कुणी बसवलेलं नसे. शिवाय कल्पनाही जुनीच. १९२७ च्या 'हॅट्स ऑफ' या मूकपटात ते याच जिन्यावरून कपडे धुण्याचं यंत्र चढवत होते. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तोच जिना पाच वर्षांनी पुन्हा हाताळला, तेव्हा तीस मिनिटांहून कमी लांबीचा हा बोलपट झाला. विनोदी लघुपटासाठी त्या वर्षी पहिल्यांदाच ऑस्कर दिलं गेलं, ते यालाच. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या सरकारी यादीतही तो गेला.

तेव्हा ग्रुपवर मी लिहिलं की हो, इथे असलं बघतात, आणि त्याला जपूनही ठेवतात. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर ती अर्धी साक्ष झाली असती. माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या एकालाही ही दोन नावं माहीत नाहीत. आणि ज्या हसऱ्या पाहुण्यांवर आपण चिडतो त्यांचे पूर्वज अमेरिकेतलेच. मालिकांना ध्वनिमुद्रित हशा जोडायची खोड इथल्याच टीव्हीने लावली. लॉरेल तरी कुठे इथला? इंग्लंडातल्या अल्व्हरस्टनचा, १९१० मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीबरोबर आला, चॅप्लिनच्या सोबत. मंडळीबरोबर गावोगाव फिरणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

धडपड हलकी असती तर तमाशातला सोंगाड्या आणि गवळणीतली मावशी केव्हाच हद्दपार झाली असती. अशोक सराफ यांना महाराष्ट्र भूषण मिळाला तेव्हा टाळ्या वाजवणारे आम्हीच होतो, आणि त्यांची निम्मी गंमत चालण्यात, थबकण्यात, खांदा उडवण्यात आहे. म्हणून त्या स्किटमधल्या साडीवर आणि घसरण्यावर माझा राग नाही. तो पडला आणि आम्ही हसायच्या आत पाहुणे हसले, ढोलकी वाजली, पुढचं वाक्य आलं, याचा आहे. पडलेल्या माणसाकडे दोन क्षण बघूही दिलं नाही. यात लिहिणाऱ्यांचा दोष मी फार धरत नाही. दर आठवड्याला चार स्किटं उभी करायची तर लॉरेललाही पाहुणे बसवावे लागले असते.

(त्या लघुपटातही सगळं शुद्ध तुपातलं नाही. लॉरेल त्या आयाला लाथ मारतो. आज बघताना ते खटकतं, मग ती हार्डीच्या डोक्यात बाटली फोडते तेव्हा थोडं कमी खटकतं.)

एवढं सगळं एका दमात टाइप केलं आणि खाली चित्रपटाची लिंक दिली. दोन तास कुणीच काही बोललं नाही. मग ज्याने 'पाणचटपणा' म्हटलं होतं त्याचाच मेसेज आला: 'अरे, अर्धा तास कोण बघणार? पियानो पडतो तेवढीच रील टाक ना.'

मी आठ सेकंदांचा तुकडा कापून टाकला. सतरा हसरे चेहरे आले.