‘तिथं माया आहे, तुम्ही वजनकाटा काय मागता?’ : एका वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटत नाही, सविस्तरच लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाबद्दल, नाव न घेता, मी लिहिलं होतं की तिथली माणसं प्रेमळ आहेत, पण अंथरुणाला खिळलेल्यांची निगा नीट होत नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं : पोरांनी टाकलेल्यांना ही मंडळी फुकट सांभाळतात. जिथं डॉक्टर टिकत नाही तिथं शहरातले निकष लावणं ही चेष्टा आहे. सगळे म्हातारे ‘चांगलं हाय’ म्हणत असताना बाहेरच्या बाईनं वजनाची वही मागायचं कारण काय? असं लिहिलं की देणग्या आटतात. आणि शेवटी, ‘लिहायचंच तर त्या पोरांवर लिहा.’

पोरांचं आधी उरकते. त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करून आईबापाला महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो, आणि म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कोरडवाहू दोन एकरवाल्याकडून किंवा पुण्यात सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी करणाऱ्या पोराकडून काय वसूल होणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय तिथल्या कित्येक बायांना मूलबाळच नाही. पोरांना शिव्या घातल्यानं त्यांच्या पाठीवरची जखम भरत नाही. त्याच कायद्याच्या १९व्या कलमात राज्यानं टप्प्याटप्प्यानं जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम काढावा, असं आहे, आणि तिथल्या सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकारही त्यातच आहे. तेव्हा ‘दर्जा’ हे काही मी शहरातून पिशवीत घालून आणलेलं फॅड नाही.

आता ‘चांगलं हाय’.

मी आयुष्यभर परिचारिकेचं काम केलं. अंथरुणावरच्या माणसाला त्याची पाठ पुसणाऱ्या बाईसमोर ‘इथं कसं वाटतं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘हाव माय, लई चांगलं हाय, देवमाणसं हायेत.’ ते खोटं असतं असं नाही. पण ज्याला जायला दुसरी जागा नाही तो तक्रार करत नसतो, आणि संध्याकाळी त्याच बाईच्या हातून पाणी प्यायचं असेल तर मुळीच नाही. म्हणून मी कसं वाटतं ते विचारत नाही. रात्री लघवीला लागली तर काय करता, काल आंघोळ कोणी घातली, कवळी कुठं आहे, चष्मा कोणाचा लावलाय, असं विचारते. (चष्म्याचा प्रश्न गमतीनं नाही. एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर असणं मी अनेक ठिकाणी पाहिलंय, आणि त्याचं हसू येत असलं तरी पडून खुबा मोडायला तेवढं पुरतं.)

रात्रीच्या लघवीच्या प्रश्नाला त्या आश्रमात एका आजींनी उत्तर दिलं, ‘संध्याकाळपासून पाणीच पेत नाई मी.’ पुढं कळलं की दिवेलागणीनंतर पाणी कमीच द्यायचं, अशी तिथं रीत आहे. त्यात दुष्टपणा कोणाचाच नाही. रात्री उठवायला, नेऊन आणायला माणूस नाही, चादरी भिजल्या तर धुवायला माणूस नाही. पण पुढं काय होतं ते बघा. वयानं तहान मुळात कमी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि वीज गेली की कूलर बंद. पाणी कमी पडलं की लघवीचा संसर्ग होतो. म्हाताऱ्या माणसाला त्यात ताप येईलच असं नाही, तो एकदम बरळायला लागतो, माणसं ओळखत नाही, रात्रभर हाका मारतो. मग लोक म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. मग झोपेची अर्धी गोळी. त्या गुंगीत ती उठते, पडते, आणि हाड मोडतं. अपघाताच्या वहीत, वही असलीच तर, एवढंच येतं : ‘घसरून पडल्या.’ सुरुवात झाली होती पाण्याच्या तांब्यापासून. ही साखळी बाहेरून आलेल्या पाहुण्याला दिसत नाही, कारण पाहुणा सकाळी अकराला येतो, अंगण सारवलेलं असतं आणि हार्मोनियमवर भजन चालू असतं.

पाठीच्या जखमांचंही तसंच. बेडसोअर, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून होणारी जखम, झाला म्हणजे निगा वाईटच, असं मी म्हणत नाही. शेवटच्या आजारात फार जपूनही होतो. पण जो झालाय तो कोणाच्या लक्षात कधी आला, यावरून बरंच कळतं. दर दोनेक तासांनी कूस बदलायची, माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहायच्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की जागा लाल होते आणि दाबली तरी पांढरी पडत नाही. आपल्या रापलेल्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. जागा काळपट-जांभळट दिसते, बोटांच्या पाठीनं चाचपलं तर भोवतालापेक्षा गरम किंवा घट्ट लागते. हे त्या आश्रमात निगा राखणाऱ्या दोन मावश्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. उलट तीच जागा त्या स्पिरिट आणि पावडर लावून जोरात रगडत होत्या, अगदी मायेनं, आणि रगडल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं. भाऊ, इथं मायेची काही कमी होती का? नव्हती.

आणि वजनाचा काटा, ज्याचा तुम्हाला सगळ्यात राग आला. ४५ किलोच्या बाईचं वजन एका महिन्यात सव्वादोन किलोनं उतरलं, म्हणजे ५ टक्के, तर काहीतरी बिघडलंय असं धरून चालायचं. सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तरी तेच. कारण कवळी बसत नाही इतकं साधं असेल, भाकर चावत नाही हे असेल, मनानं खाणं सोडलं असेल, किंवा क्षयरोग असेल. नऊवारीतल्या बाईचं उतरलेलं अंग डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. आपल्या अंगणवाडीत पोरांची वजनं दर महिन्याला होतात, ती कुणाला शहरी थेरं वाटत नाहीत. अंगणवाडी तर आश्रमाच्या मागच्या गल्लीत आहे, काटा मागून आणला तरी चालतो. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या दंडाचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजला आणि लिहून ठेवला, तरी महिन्या-महिन्याचा फरक दिसतो.

तुम्ही लिहिलंय, ‘प्रेम मोजायला निघालात.’ दर्जा मोजण्याच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्या आवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडलं की तीन गोष्टी पाहाव्या : साधनं काय आहेत, प्रत्यक्ष काम कसं होतं, आणि शेवटी माणसाचं काय झालं. आपल्याकडे पाहणी म्हणजे बहुधा पहिलीच : खोल्या, पलंग, आरओचं पाणी, सोलर. याच माणसानं मरणाच्या आधी, स्वतः आजारी असताना, एका मुलाखतीत सांगितलं की दर्जाचं गुपित अखेर प्रेम आहे. तुमच्या बाजूचं वाक्य आहे, मान्य. पण त्याला जोडूनच ते म्हणाले की प्रेम असेल तर तिथून मागं येत व्यवस्था तपासता येते, सुधारता येते. म्हणजे वही प्रेमाच्या नंतर येते, प्रेमाच्या विरोधात नाही.

डॉक्टर नाही, हे खरं. पण वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची ओपीडी धरलेली आहे. आश्रमानं तिथं कधी लेखी मागणी केली का, तर नाही. सरपंचांच्या सहीनं एक पत्र टाका, बघा काय होतं.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं : तीस जणांना दोन बाया आणि रात्री एक चौकीदार, यात कोणीही काय करणार? इथं पैसा लागतो, आणि माझ्या लेखातला खरा मुद्दा हाच होता. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमला, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्या-आजाऱ्यांची निगा राखणाऱ्या संस्थांना, एक ते पाच तारे देतात. सुरुवातीला किती माणसं कामावर आहेत ते संस्थाच कळवायच्या. पुढं ते आकडे पगारपत्रकावरून घ्यायला लागले, कारण तोंडी आकड्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता. आपल्याकडे तारे नकोत, पण पगारपत्रक पाहायला हरकत नाही. धर्मादाय कार्यालयात ट्रस्टचा हिशेब जातो, तिथं जमाखर्च जुळला की झालं. रात्री दोन वाजता कोण जागं होतं, हे त्या कागदात कुठंच नसतं. आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा दवाखान्यांसाठी आहे, वृद्धाश्रमाची नोंद त्यात सहसा होत नाही. मग बघणारं कोण उरलं? तुम्ही, मी आणि देणगीदार.

आता देणग्यांकडे येते, कारण तुमची सगळ्यात मोठी भीती तीच आहे. त्या आश्रमाच्या कपाटात ब्लँकेटांची थप्पी छताला लागलीय. फळं इतकी येतात की सडतात. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, प्रत्येकाचं जेवण, प्रत्येकाचा फोटो. एका आठवड्यात तीनदा श्रीखंड-पुरी झाली आणि इन्सुलिनवरच्या दोघांनी ती खाल्ली, कारण पाहुण्यांसमोर ताट बाजूला सारणं बरं दिसत नाही. रात्रपाळीच्या बाईचा पगार मात्र कोणीच देत नाही, कारण पगाराचा फोटो निघत नाही. माझा लेख वाचून श्रीखंडाची एखादी देणगी आटली तर मला वाईट वाटणार नाही.

तुम्ही विश्वस्तांना ओळखता असं लिहिलंय. मग दोन गोष्टी करा. एक, तुमच्या ओळखीच्या पाच जणांकडून वर्षभरासाठी फक्त रात्रपाळीच्या मावशीचा पगार ठरवून घ्या. मी सहावी आहे, माझा हिस्सा लिहून घ्या. दोन, कूस बदलणं आणि कातडी तपासणं मी येऊन मावश्यांना दाखवते, गाडीभाडं नको. विश्वस्तांना माझ्या लेखावर काही म्हणायचं असेल तर त्यांचं पत्र एक शब्द न बदलता इथंच छापीन. फक्त पत्रासोबत मागच्या महिन्याचा ड्युटी तक्ता पाठवायला सांगा, रात्रीच्या रकान्यासकट.