जिंकलेल्या टीमचे जुने चाहते एका रात्रीत कसे व्हावे

परवा शुक्रवारी, १६ मे २०२५ च्या रात्री, एनबीए बास्केटबॉलमध्ये न्यूयॉर्क निक्सने बॉस्टन सेल्टिक्सला ११९-८१ असं धुतलं आणि २५ वर्षांनी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे पूर्वेकडच्या टीम्सच्या, फायनलमध्ये पाऊल ठेवलं. हे तुम्हाला कळलंच असणार, कारण शनिवार सकाळपासून न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या प्रत्येक देशी घरात निक्सचा एक तरी 'जुना' चाहता जन्माला आलाय. काही जन्म तर शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या डोळ्यांदेखत झाले. बाळं सुखरूप आहेत. जन्मतःच बोलायला लागली आणि अजून थांबलेली नाहीत.

ज्यांचं अजून राहिलंय त्यांच्यासाठी हे चार शब्द. जरा घाई करा, बुधवारी त्या फायनलमध्ये इंडियानाशी गाठ आहे.

पहिलं काम म्हणजे जर्सी. निक्सच्या ब्रन्सनची, ११ नंबरची, आदल्या दिवशी मागवलेली. इस्त्री करू नका. पाकिटातल्या घडीच्या चार रेषा पोटावर तशाच दिसू द्या आणि काखेतला टॅग कापू नका, परत करता येते. कुर्त्यावरून घातली तरी चालेल, एकाने घातली होती. शेजारी कुणी निक्सच्या एके काळच्या स्टारची, कार्मेलो अँथनीची जुनी जर्सी घालून बसला असेल, जिच्यावरचा ७ धुऊन धुऊन १ सारखा दिसायला लागलाय, तर त्याला आपुलकीने विचारा, "हा कोण? अजून खेळतो का?"

मग व्याकरण. सातपैकी चार जिंकायच्या या मालिकेतल्या तिसऱ्या गेमला, त्याआधीच्या शनिवारी, निक्स आपल्याच घरात ११५-९३ हरले तेव्हा मला मेसेज आला होता, "काय हे तुमचे निक्स!" सोमवारी चौथी गेम जिंकल्यावर त्याच माणसाकडून, "आपले निक्स भारी." आणि शुक्रवारी, "आम्ही घातली बॉस्टनला!" तुमचे, आपले, आम्ही. सहा दिवसांत. आमच्या मराठीच्या बाईंनी सर्वनामं शिकवायला अख्खं वर्ष घेतलं होतं.

आयपीएल आठवडाभर थांबली होती म्हणून इकडे वळलात, हे कुणाला सांगू नका.

प्रत्येक बास्केटनंतर क्रिकेटची उपमा मात्र द्याच. ब्रन्सन म्हणजे धोनी, हार्ट म्हणजे जडेजा, टाउन्स म्हणजे... इथे जरा अडखळाल, तर "रोहित, मूडवर असतो" म्हणून टाका. कुणी हरकत घेणार नाही. मी घेतली होती, माझ्या ताटात आणखी एक पाव वाढण्यात आला.

निक्सचा मिचेल रॉबिन्सन फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम) चुकवतो तेव्हा "एवढा सात फुटी माणूस, याला साधा बॉल टाकता येत नाही? काढा त्याला!" असं ओरडा. बॉस्टनवाले त्याला मुद्दाम धरून धरून फाउल करतात ते त्याने चुकवावं म्हणूनच, आणि रिंगला आपटून बाहेर उडालेले बॉल हाच माणूस चार जणांच्या डोक्यांवरून ओढून परत आणतो, म्हणून त्याला ठेवतात, वगैरे तुम्हाला कुणी समजावू लागलं तर भाजीत अजून बटर आहे का ते बघायला उठा.

मॅच सोडून कधी उठायचं, याचंही शास्त्र आहे. ५ मे, पहिली गेम, बॉस्टनमध्ये. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण २० ने मागे. हीच ती वेळ. "गेली! मी सांगितलं होतं" असं ग्रुपवर टाका, टीव्ही बंद करा, झोपा. बॉस्टनवाले त्या रात्री ६० थ्री (लांबून, तीन पॉइंटवाले शॉट) टाकतील, त्यातले ४५ चुकवतील, मॅच ओव्हरटाइमला जाईल, शेवटच्या क्षणी आपला ब्रिजेस बॉस्टनच्या ब्राउनच्या हातातून बॉल काढून घेईल आणि निक्स १०८-१०५ जिंकतील. तुम्ही सकाळी चहा घेता घेता हायलाइट्स बघा आणि लिहा, "कसं खेचून आणलं ना आपण!" दुसऱ्या गेमलाही डिट्टो तसंच होईल, पुन्हा २० ने मागे, पुन्हा ब्रिजेस, या वेळी बॉस्टनच्याच टेटमच्या हातातून, ९१-९०. तुम्हीही डिट्टो तसंच वागा.

पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "अभिनंदन, वर्ल्ड कप जिंकलात म्हणे!" तर "थँक यू" म्हणा. मी तेच म्हणालो.

जिंकल्यावर न्यूयॉर्कच्या सातव्या ॲव्हेन्यूवर खांबांवर चढलेल्या पोरांबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. दुसरीच फेरी जिंकलोय, अजून दोन बाकी आहेत, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांतल्या निम्म्यांनी तरी २०१४-१५ चा, ८२ पैकी ६५ हरलेला, १७-६५ वाला सीझन बघितला असेल. मग २०१८-१९ चा, तोही १७-६५. आकडासुद्धा बदलायला तयार नव्हता. त्या वर्षी एवढं हरून निदान ड्राफ्टच्या (नवे खेळाडू वाटून घेण्याच्या) लॉटरीत पहिला नंबर लागून झायन विल्यमसन तरी मिळेल म्हणून देव पाण्यात ठेवले, तर लागला तिसरा. चढू द्या त्यांना खांबावर.

आता मुख्य सूचना. मॅच बघायला माणसं घरी बोलवायची कशी?

निमंत्रणात स्पष्ट लिहा, "मॅच ८५ इंची टीव्हीवर. पावभाजी आहे. लवकर या." मेव्हण्यांचा पन्नासावा वाढदिवसही त्याच संध्याकाळी आहे, हे लिहू नका. ते आल्यावर कळेल. वीस वर्षं या टीममागे रडलेला एखादा भाबडा माणूस बायकोला घेऊन पावणेआठला हजर होईल, टीव्हीसमोरची खुर्ची धरेल. पहिला हाफ त्याला बघू द्या. ६४-३७! त्याचे हात गार पडतील, तो जेवायला उठणार नाही, त्याची प्लेट कुणीतरी आणून मांडीवर ठेवेल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अंतर चाळिशीच्या आसपास गेलं की रिमोट हातात घ्या, म्हणा, "आता काय बघायचंय? जिंकलेच ना!" आणि आवाज बंद करा. मेव्हण्यांना खुर्चीत बसवा. केक आणा. केकनंतर कॅराओकेचं मशीन टीव्हीलाच जोडावं लागतं, त्यामुळे चित्रही जाईल, त्याला इलाज नाही. आणि तो भाबडा माणूस तोंड उघडू लागला तर सगळ्यांनी मिळून हसा, "अहो, चाळीसने पुढे आहेत, एवढं काय टेन्शन घेता?"

टेन्शन!

अहो, टेन्शन नव्हतं म्हणूनच तर बघायचं होतं! २००५ च्या हिवाळ्यात ऑफिसातल्या कुणालाच नको असलेलं एक तिकीट माझ्याकडे आलं, एडिसनहून ट्रेन पकडून पेन स्टेशनला उतरलो, वरच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आणि तेव्हापासून हे लागलंय. एवढ्या वर्षांत चौथा क्वार्टर मी कधी पाठ टेकून बघितलेला नाही. २०१३ नंतर सात सीझन प्लेऑफच, म्हणजे बाद फेरीच नाही. ज्या पोर्झिंगिसला ड्राफ्टच्या रात्री आपल्याच लोकांनी हुर्यो केली, मग डोक्यावर घेतलं आणि शेवटी डॅलसला धाडून दिलं, तो आता शुक्रवारी बॉस्टनच्या कपड्यांत समोर. २०१२ मध्ये जेरेमी लिन आला आणि फेब्रुवारीचे दोन आठवडे आम्ही वेडे झालो होतो, तो उन्हाळ्यात गेलासुद्धा. २०२१ मध्ये अटलांटाचा ट्रे यंग गार्डनमध्ये सीरिज संपवून वाकून नमस्कार करून गेला. गेल्या वर्षी याच मे महिन्यात इंडियानाने घरात येऊन सातवी गेम मारली, ब्रन्सनचा हात मोडला. आणि १९९५ मध्ये इंडियानाच्याच रेजी मिलरने ८.९ सेकंदांत आठ पॉइंट केले ते मी काही बघितलेलं नाही, तेव्हा मी सांगलीत बारावीला होतो, पण निक्सचा चाहता झालात की ते आठ पॉइंट घराच्या कर्जासारखे तुमच्या नावावर चढतात. चाळीसची आघाडी म्हणजे तुम्हाला 'संपलेली मॅच'. मला ती आयुष्यातली पहिली निवांत अशी बारा मिनिटं होती. त्या बारा मिनिटांत कोण बेंचवर बसून हसतंय, कोच थिबडोसारखा माणूससुद्धा खाली बसलाय का, गार्डनमध्ये लोक काय ओरडताहेत, हे मला बघायचं होतं. नुसतं बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं!

ते मी कुठे ऐकलं, सांगू? यजमानांच्या लाँड्री रूममध्ये. वॉशिंग मशीनला टेकून, फोनवर, बॅटरी १४ टक्के. ड्रायर चालू होता, त्यात कुणाच्या तरी जीन्सचं बटण दर फेरीला टण् टण् वाजत होतं. वरून एकदम टाळ्या-शिट्ट्या आल्या. मला वाटलं, पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी, म्हणजे ट्रिपल डबल करणाऱ्या जॉश हार्टचं काहीतरी माझ्या फोनवर अजून यायचंय. तर नाही. कुणीतरी किशोरकुमारचा वरचा सूर लावला होता. प्लेऑफमध्ये निक्सचा शेवटचा ट्रिपल डबल वॉल्ट फ्रेझियरचा, १९७२ चा. त्यानंतर हा. ५३ वर्षं! आणि टाळ्या कशाला, तर मेव्हण्यांच्या किशोरला.

शेवटचा हॉर्न वाजला तेव्हा ही दारात येऊन म्हणाली, "अहो, वर चला, केक संपतोय." मी गेलो. वर गेल्यावर आठ-दहा जणांनी मला मिठी मारली. "आम्ही जिंकलो!"

असो. शेवटची सूचना. यानंतर लेख उपरोधिक राहणार नाही, आधीच सांगतो.

सूचना अशी की समोरच्या टीमचा खेळाडू पडला की हसणाऱ्या तोंडाच्या इमोजी टाका.

सोमवारी चौथ्या गेममध्ये शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना जेसन टेटम पडला. ४२ पॉइंट केले होते त्याने तोपर्यंत. कुणी धक्का दिला नाही, सुटा बॉल धरायला निघाला आणि पाय गेला. टाचेवरचा अकिलीस टेंडन तुटला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. २७ वर्षांचा आहे. वेदनेने विव्हळत, तोंड झाकून पडलेला सगळ्यांनी बघितला, आणि त्याच मिनिटाला आपल्या ग्रुपवर "देव पावला" असा मेसेज, खाली सहा जणांचे हसरे चेहरे, आणि एका काकांचा लंगड्या घोड्याचा व्हिडिओ. काका, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या नोव्हेंबरमध्ये झालं. महिनाभर आम्ही आळीपाळीने डबे पोचवले. तेव्हा कुणी घोडा पाठवला होता का?

मी या पोराला कित्येक वर्षं शिव्या घातल्यात. आमच्यावर पॉइंट चढवताना दात-ओठ खाऊन बघितलंय त्याला. पण त्या रात्री आमच्या घरात मुलगा आणि मी दोघंही उठून उभे राहिलो आणि जिंकल्यावरही बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, असं नको होतं." बारा वर्षांचा आहे तो. तुम्ही पन्नाशीचे आहात!

आणि वर तेच लोक आता बॉस्टनवाल्यांशी भांडताहेत, "टेटम असता तरी आम्हीच जिंकलो असतो." जिंकलो असतो की नाही, ते मला माहीत नाही. पहिल्या दोन गेम तो असताना जिंकल्या, पाचवी तो नसताना २५ ने हरलो. ज्यांनी बघितल्या त्यांना विचारा. तुम्ही बघितल्या नाहीत. तुम्ही झोपला होतात! नवीन आहात याचा राग नाही हो मला, मीही कधीतरी नवीनच होतो, शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने मला पिक अँड रोल म्हणजे काय ते नॅपकिनवर काढून दाखवलं होतं. मी गप्प बसून बघितलं. विचारा, मी सांगीन, रात्रभर सांगीन. पण काही माहीत नसताना पहिल्या मिनिटापासून बोलायचं, हरले की तुमचे म्हणायचं, पडलेल्या माणसाला हसायचं, आणि ज्याला बघायचंय त्याचा आवाज बंद करायचा, हे काय आहे? लाज वाटायला पाहिजे थोडी. निदान दहा मिनिटं कॅराओके थांबला असता, मेव्हण्यांचा पन्नासावा काही पळून जात नव्हता.

बुधवारी आठ वाजता पहिली गेम आहे, गार्डनमध्येच. इंडियाना आहे समोर, त्यामुळे शुक्रवारपासून मला धड झोप नाही. मी घरीच बघणार आहे, मुलगा आणि मी. बेल वाजवलीत तर दार उघडणार नाही. पावभाजी उरली असेल तर पायरीवर ठेवून जा.